भांडी वाळतात का, ते सांगा

डिशवॉशर बघायला शोरूममध्ये गेलं नं, की तिथला मुलगा आधी पाणी किती वाचतं ते सांगतो, मग आवाज किती डेसिबल, मग कढईसाठी वेगळा मोड आहे ते, मग ईएमआय. भांडी आतून कोरडी निघतात की ओली हे आपणहून कोणी सांगत नाही. विचारलंच तर "ताई, एकदम ड्राय, डायरेक्ट कपाटात ठेवा" म्हणतो आणि पुढच्या मॉडेलकडे वळतो. मी भुसावळला विचारलं, जळगावला जाऊन विचारलं, सगळीकडे हेच उत्तर, आणि चालू करून दाखवायचा तर प्रश्नच नाही कारण दुकानात मशीनला नळच जोडलेला नसतो, आत थर्माकोल आणि चकचकीत फोटोतल्या ताटल्या.

आता तुम्ही म्हणाल, खान्देशात राहून भांडी वाळायची काळजी करणारी ही कोण बाई. बरोबर आहे तुमचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मागच्या अंगणात पालथी घातलेली भांडी चहा उकळेपर्यंत खडखडीत वाळतात, उलट उशीर झाला तर स्टीलचा पेला उचलताना बोटं भाजतात. पण आषाढ लागला की त्याच अंगणात तीच टोपली दुपारपर्यंत ओली, मग ती आत आणा, ओट्यावर पसरा, एकेक पुसा. आणि पुसायचं काम आमच्या घरात पहिल्यापासून आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. जुन्या सुती लुगड्याची मऊ फडकी त्यांनी त्यासाठीच जपून ठेवलेली आहेत, आणि ओलं भांडं मांडणीवर गेलेलं त्यांना चालत नाही म्हणजे नाही. बरं, त्यात चूक काही नाही, ओल्या डब्यात कळण्याचं पीठ भरून बघा, दोन दिवसांत गोळे आणि वास.

भांडीवाल्या मावशी मुलाकडे सुरतला राहायला गेल्या आणि घरात डिशवॉशरचा विषय निघाला. तेव्हा आमचे हे म्हणाले घासायचं काम जाईल, झालं मग. मला तसं वाटत नव्हतं. घासायचं काम माझं होतं, ते गेलं असतं, पण मशीनमधून ओली भांडी निघाली तर ती पुसायला उभ्या राहणार आई, ज्यांचं मनगट आधीच दुखतं. म्हणजे चाळीस-पन्नास हजार घालून माझा आराम, त्यांचं काम तसंच. म्हणून मी ठरवलं की मशीन निवडायचं ते वाळवण्यावरून. धुतात तर सगळीच, थोड्याफार फरकाने.

नणंदबाईंकडे धुळ्याला मशीन आहे, कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही गेलो तेव्हा प्रोग्राम संपला, आईंनी उत्साहाने दार उघडलं, वरच्या जाळीतली वाटी उचलली आणि तिच्या बुडातलं पाणी थेट खालच्या ताटांवर. "भांडा त वल्लाच शेतस माय!" आई मूळच्या साक्रीकडच्या, चिडल्या किंवा हसल्या की अहिराणीच. नणंदबाई म्हणाल्या अगं ते असंच असतं, मी पुसून घेते. पण असंच का असतं, हे मला काही स्वस्थ बसू देईना आणि मग मी त्याच्या मागेच लागले.

तर ते असं. बहुतेक मशीनमध्ये भांडी वाळवायला वेगळी गरम हवा वगैरे काही नसते. शेवटचं पाणी तापवलेलं असतं, त्यात भांडी चांगली गरम होतात, पाणी निघून जातं आणि मग दार बंद ठेवून नुसतं थांबायचं. गरम भांड्यावरचं पाणी वाफ होऊन उठतं आणि आतली स्टीलची भिंत भांड्यांपेक्षा थंड असल्यामुळे वाफ तिथे जाऊन पुन्हा पाणी होते, ओघळते, खाली जाते. याला कंडेन्सेशन ड्राइंग म्हणतात. वीज कमी लागते, पंखा नाही, बिघडायला काही नाही, कंपन्यांना आवडणारच. पण यात सगळी मदार भांड्यावर आहे, म्हणजे भांड्याने स्वतःत उष्णता धरून ठेवली पाहिजे. चिनी मातीची जाड प्लेट ती धरते, बराच वेळ गरम राहते, स्वतःच्या उष्णतेवर स्वतःला वाळवते. आपलं रोजचं ताट पातळ पत्र्याचं, लगेच गरम आणि लगेच गार. प्लास्टिकचा डबा तर त्याहून वाईट, उष्णता धरत नाही आणि वर पाणी पसरत नाही, थेंबच्या थेंब बसून राहतात. आणि थेंब पसरलेल्या पाण्यापेक्षा हळू सुकतो.

मला वाटतं यात गोम अशी आहे की हे यंत्र मुळातच चिनी मातीच्या भांड्यांसाठी जन्माला आलं. 1886 मध्ये अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन बाईंनी आपल्या भांडी धुण्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, ते नोकरांच्या हातून घरची भारी चायना प्लेट-कपं टवके उडून खराब होत होती म्हणून. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं. आजही मशीनवर 13 किंवा 14 प्लेस सेटिंग लिहिलेलं असतं, त्याचा हिशोब म्हणजे एका माणसाची सूपची प्लेट, जेवणाची प्लेट, गोड खायची छोटी प्लेट, कप, बशी, ग्लास, काटे-चमचे. त्यात शेवभाजीची वाटी नाही, वरणाचं पातेलं नाही, कुकरचं झाकण तर नाहीच. दुकानदार 14 म्हणजे चौदा माणसांची भांडी म्हणतो तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे पाच माणसं जेवली तरी एक फेरी भरते.

आणि तिकडेही वाळण्याला फार भाव आहे असं नाही बरं का. युरोपात पूर्वी मशीनच्या लेबलवर वाळवण्याचा स्वतंत्र दर्जा छापायचे, ए ते जी. मार्च 2021 पासून नवीन लेबल आलं, त्यावर वीज, पाणी, वेळ, आवाज, किती सेटिंग ते सगळं आहे, वाळवण्याचा दर्जा मात्र गेला. कायद्याने किमान एक पातळी गाठावी लागते, ती वेगळी गोष्ट, पण गिऱ्हाईकाला दोन मशीन शेजारी ठेवून कोणतं जास्त वाळवतं ते लेबलवरून कळत नाही. इथे आपल्याकडे तर विचारूच नका.

मग प्रकार कोणते. एक तर हे साधं कंडेन्सेशन, त्यात काही मशीनमध्ये बाजूला पाण्याची पिशवीसारखी टाकी असते, तिच्यात गार पाणी घेतात म्हणजे भिंत गार राहते आणि वाफ लवकर तिथे जमते. कल्पना छान आहे, पण आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी अंघोळीला घेता येत नाही इतकं तापलेलं असतं, तिथे गार पाणी आणायचं कुठून. भर उन्हाळ्यात स्वयंपाकघर चाळीसवर असतं, मशीनची भिंत तेवढी गार पडतच नाही, म्हणजे हे तंत्र आपल्याकडे खरं खुलतं ते थंडीत. पुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं पण विचार केला की पटतं.

दुसरा प्रकार म्हणजे तळाशी उघडी हीटरची कॉइल, अमेरिकेत ही जास्त चालते. वाळतं चांगलं, वीज खाते, आणि खालच्या जाळीत चुकून प्लास्टिकचं झाकण पडलं कॉइलवर तर त्याचं पापड होतं. तिसरा, पंखा लावून ओली हवा बाहेर काढणं. चौथा, दार आपोआप उघडणारं. प्रोग्राम संपत आला की मशीन स्वतःच दार थोडं ढकलतं, एईजीचं एअरड्राय नावाचं आहे त्यात साधारण 10 सेंटीमीटर फट पडते, मीले कंपनी याला ऑटोओपन म्हणते, आणखी कंपन्यांकडेही वेगवेगळ्या नावाने आहे. वाफ भसकन बाहेर, कोरडी हवा आत. आणि पाचवा झिओलाइटचा, बॉश आणि सीमेन्सच्या काही महागड्या मॉडेलमध्ये. हा मला सगळ्यात हुशार वाटला. झिओलाइट म्हणजे एक खनिज, बारीक बारीक गोळ्या, खाली एका डब्यात बंद. ते ओलावा शोषून घेतं आणि शोषताना स्वतः गरम होतं, ती गरम कोरडी हवा पुन्हा भांड्यांवर फिरते. पुढच्या वेळी मशीन पाणी तापवताना या गोळ्यांनाही तापवतं, ओलावा निघून जातो, त्या पुन्हा तयार. बदलायला नको, भरायला नको. दार बंदच, म्हणजे बाहेर पाऊस आहे की ऊन याच्याशी काही संबंध नाही. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पैसे असतील तर डोळे मिटून हेच बघावं असं माझं मत.

पण मी राहते भुसावळला. वर्षातले सात-आठ महिने इथली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. ही हवा फुकट आहे! मग झिओलाइटचे जास्तीचे पैसे कशाला, दार उघडलं की आमचं अख्खं गावच ड्रायर आहे. राहिला पावसाळा, तर तेव्हाही दार उघडल्याचा फायदा होतोच कारण आतली वाफ बाहेरच्या दमट हवेपेक्षाही कितीतरी जास्त ओली असते, ती निघून जाते. फक्त भांडी गार झाल्यावर जे चार थेंब उरले ते उरले, ते पावसाळी हवेत लवकर सुकत नाहीत. एवढं चालतं.

दार उघडणाऱ्यात एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगितली नाही, ती आमच्या सुताराने सांगितली. ओट्याखाली ट्रॉलीच्या मध्ये मशीन बसवलं तर ती वाफ रोज वरच्या ग्रॅनाइटच्या कडेखाली आणि बाजूच्या प्लायवर बसणार, सनमायका सुटणार, प्लाय फुगणार. ओट्याखाली बसवायच्या मशीनसोबत वाफेपासून वाचवायला एक पट्टी किंवा फिल्म येते ती लावायची असते, आणि बऱ्याचदा बसवणारा माणूस ती खोक्यातच ठेवून जातो. मी भानगडच नको म्हटलं, दार उघडणारंच पण सुटं उभं राहणारं घेतलं आणि मागच्या पडवीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवलं, वर काही नाही, समोर जाळीचं दार.

पण नुसतं मशीन निवडून भागत नाही. वाळण्यात निम्मा वाटा रिन्स एडचा, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाचा आहे, आणि लोक तीच बाटली संपली की पुन्हा आणत नाहीत. भांडी तर स्वच्छ निघतायत मग ही निळी बाटली कशाला, असं. ती चमकण्यासाठी असते असा समज आहे, तिचं खरं काम पाण्याचा ताण कमी करणं, म्हणजे थेंब न होता पाणी पातळ पसरून ओघळून जातं. ती भरली की स्टीलच्या ताटावरचा फरक त्याच दिवशी दिसतो. दुसरं मीठ. आमच्याकडे नळ रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर, आणि बोअरचं पाणी असं की गीझरच्या कॉइलवर पांढरा थर आणि नळाच्या तोंडाला खडे. असं जड पाणी भांड्यावर सुकलं की भांडं वाळतं पण पांढरे डाग ठेवून, आणि मग आई म्हणणार हे काय धुतलं. मशीनमध्ये पाणी मऊ करणारं रेझिन असतं, त्याला ताजं करायला डिशवॉशरचं जाड मीठ लागतं. घरातलं आयोडीनवालं बारीक मीठ टाकू नका. आणि पाणी किती जड आहे ते मशीनला आकड्यात सांगावं लागतं, कंपनीचा माणूस पट्टी बुडवून तपासतो, त्या वेळी त्याला नळाचं नाही, बोअरचं पाणी द्या, कारण सांभाळायचं तेच आहे.

प्रोग्रामचंही तसंच. इको लावला की वीज-पाणी कमी लागतं, पण वेळ तीन तासांच्या वर जातो आणि शेवटचं पाणी तितकं तापत नाही, म्हणजे वाळायला कमी. नणंदबाई रोज इकोच लावायच्या, मी त्यांना म्हटलं एकदा 70 अंशांचा इंटेन्सिव्ह लावून बघा, किंवा एक्स्ट्रा ड्रायचं बटण असेल तर ते दाबा. त्याने स्टील बरंच सुधारलं असं त्या सांगतात, प्लास्टिक तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच मशीनला जमत नाही. आपल्या भांड्यांचे काठ! स्टीलच्या डब्याचं झाकण हातात घेऊन नीट बघा, त्याची कड आत दुमडलेली असते, आणि त्या दुमडीत बारीक फट असते. पाणी तिथे शिरतं. झाकण वरून-खालून हात फिरवून कोरडं लागतं, तुम्ही मांडणीवर उभं ठेवता, आणि पाच मिनिटांनी खाली फळीवर चंद्रकोरीसारखं ओलं. पेल्याच्या बुडाला कंगोरा असतो, पेला पालथा घातला की तो कंगोरा म्हणजे छोटं तळं. वाटीचं बुड आत दबलेलं असेल तर तिथेही तेच. चायनाच्या कपाचंही बुड असंच असतं म्हणा, पण ते गरम राहून ते पाणी उडवतं तरी. म्हणून वाट्या-पेले सरळ पालथे न घालता तिरके लावायचे, बुडावरचं पाणी एका बाजूने वाहून जाईल असे. जाळीत आडवे दात असतात त्यांना टेकवून बरोबर बसतात. झाकणं उभी, दुमड खाली नाही, बाजूला. आणि रिकामं करताना आधी खालची जाळी, मग वरची, म्हणजे वर काही साचलं असेल तर ते वाळलेल्या ताटांवर सांडत नाही. हे शेवटचं आईंनी स्वतः शोधलं, धुळ्याच्या त्या वाटीनंतर.

भांडी विकत घेतानाही आता माझी नजर बदललीय. भांड्यांच्या दुकानात मी आधी बुड बघते. सपाट बुडाचा पेला मिळाला तर घेते, नक्षीचा कंगोरेवाला कितीही छान असला तरी नको. दुकानदाराला वाटतं बाई तळाशी कंपनीचं नाव शोधतेय.

काही भांडी मशीनमध्ये जातच नाहीत आणि जाऊही नयेत. भरीत कुटायची लाकडी बडगी, बिडाचा तवा, आजेसासूबाईंची कल्हईची पितळी पातेली, ॲल्युमिनियमचं काहीही, ते तर काळं पडून निघतं. मांड्यांचं मातीचं खापर अर्थातच नाही. आखाजीला नणंदा माहेरी आल्या की घरात पुरणाचा रगाडा, तेव्हा अर्धी भांडी अशीच असतात, त्यांना अंगण आणि वैशाखातलं ऊन. तेव्हा कोणाला पुसायला लागत नाही.

मशीन येऊन एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ताटं, पातेली, काचेचे ग्लास सरळ मांडणीवर जातात. भर श्रावणात वरच्या जाळीतल्या वाट्यांना थोडं फडकं लागतं. नातवाचे शाळेचे प्लास्टिकचे डबे मात्र बाराही महिने ओले, शेवभाजीच्या तर्रीने त्यांचा रंग केशरी झालाय तो तर जातच नाही, पण क्लिपच्या रबरी पट्टीखाली पाणी राहतंच. ते डबे मी स्टीलचे केले, तरी झाकणाचं रबर आहेच, ते काढून वेगळं वाळवावं लागतं. आईंचं फडकं पूर्ण सुटलं का, तर नाही, पण आधी टोपलीभर पुसायच्या, आता पाच-सात झाकणं पुसतात, तेही बसून, टीव्ही बघत. "हाई बरं शे," म्हणतात. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

दार रात्री आपोआप उघडतं तेव्हा सुरुवातीला खट् आवाजाने आमचे हे दचकून उठायचे, मांजर आलं म्हणून. मांजर खरंच यायला लागलं, उबेला. मग पडवीचं जाळीचं दार लावून झोपायची सवय लागली.

एक राहिलं. तुमच्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर घेण्याआधी प्रेशर बघा. मशीनला कमीत कमी किती लागतं ते माहितीपत्रकात 0.3 किंवा 0.5 बार (बार म्हणजे दाबाचं माप) असं काहीतरी लिहिलेलं असतं. 10 मीटर उंचीवर टाकी असली तर साधारण 1 बार मिळतो, म्हणजे 0.5 साठी टाकी मशीनच्या नळापेक्षा पाच मीटर तरी वर हवी. बैठं घर आणि टाकी तीन मीटरवर असेल तर 0.3 वालं मॉडेल शोधा नाहीतर छोटा पंप लावा, त्याचे पैसे वेगळे. आमच्या प्लंबरने मशीन आल्यावर हे सांगितलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं, पण तो आधीच सांगून गेला होता, टाकी बसवतानाच.